उजवीकडचे चार रकाने

बूट घालता घालता तो थांबला. झालं एवढंच. बाकी वॉर्डात सकाळचे दहा रोजच्यासारखे वाजले होते. चादरी बदलणं चाललं होतं, औषधांची ढकलगाडी तिच्या एका कुरकुरत्या चाकासह फिरत होती, आणि खिडकीजवळच्या खाटेवरचा म्हातारा नऊ दिवसांनी घरी निघाला होता. अंगातला ढगळ अंगरखा जाऊन स्वतःचा निळा शर्ट आला होता, केस पाणी लावून बसवले होते, मुलगी पिशवी भरत होती. त्यानं डाव्या बुटाची लेस बांधली, उजव्यासाठी वाकला, आणि गाठ अर्धवट टाकून सरळ झाला. मग खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीची मागची भिंत होती, तिच्यावरून खाली गेलेले पाइप होते, आणि तीच भिंत तो नऊ दिवस पाहत आला होता. मुलीला वाटलं, बाबा खिडकीचा निरोप घेताहेत. दारात उभ्या असलेल्या रेघाताईला तसं वाटलं नाही. तिनं नकळत मनात आकडे मोजले. अकरा झाल्यावर तो पुन्हा वाकला, गाठ कशीबशी मारली, आणि हसऱ्या चेहऱ्यानं वर आला. तो चेहरा मुलीसाठी होता. वाकल्यावर ज्याला दम लागतो आणि जो तो खिडकीच्या आड लपवतो, त्या माणसाच्या छातीत काय असतं हे रेघाताईला ठाऊक होतं.

रेघाताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते सिस्टर लोकांनी ठेवलं होतं, आधी चेष्टेनं, मग सवयीनं, आणि आता खुद्द तिलाही दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली तर मागे वळायला वेळ लागे. सव्वीस वर्षं ती सोनोग्राफीचं काम करत होती, आणि त्यातली गेली दोन वर्षं या हृदयाच्या वॉर्डात हातात मावेल एवढं मशीन घेऊन फिरत होती. काम सांगायला सोपं. हृदय थकलं की रक्त पुढे ढकलेनासं होतं, मागे तुंबतं, आणि फुप्फुसात पाणी झिरपायला लागतं. छातीवर थंडगार जेल लावून मशीनचा प्रोब टेकवला की कोरडं फुप्फुस पडद्यावर आडव्या रेघा दाखवतं, फडताळातल्या फळ्यांसारख्या, एकाखाली एक. ओलं फुप्फुस उभ्या रेघा दाखवतं. वरून निघून थेट तळापर्यंत गेलेल्या, पांढऱ्याशुभ्र, श्वासाबरोबर इकडून तिकडे सरकणाऱ्या. त्या मोजायच्या. छातीचे आठ भाग, डावीकडे चार, उजवीकडे चार, कागदावर आठ रकाने, आठांची बेरीज. बेरीज मोठी असेल तर माणूस अजून ओला आहे, लघवी होण्याचं इंजेक्शन चालू ठेवायचं. बेरीज लहान असेल तर घरी. खिडकीजवळच्या म्हाताऱ्याच्या कालच्या कागदावर बेरीज होती सहा. वजन चार किलो उतरलं होतं, पायांची सूज गेली होती, आणि वर हे सहा. त्या सहावर मोठ्या डॉक्टरांनी सही केली होती.

आणि ते सहा खोटे होते. अगदी खोटे असं नाही, अर्धे खोटे, असं तिच्या मनानं लगेच घाईघाईनं सुचवलं, जसं पकडलेलं मूल आधी अर्धाच गुन्हा कबूल करतं. काल दुपारी चार वाजता ती या खाटेपाशी आली तेव्हा म्हातारा झोपला होता. आठ दिवस ज्यानं बसून, टेकून, मान टाकून डुलक्या काढल्या, तो माणूस पहिल्यांदाच आडवा होऊन, उजव्या कुशीवर, तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपला होता. सकाळपासूनचा तो चौदावा रोगी, आणि तिच्या कंबरेनं केव्हाच हात टेकले होते. तिनं अंगरखा हळूच बाजूला केला, वर असलेली डावी बाजू तपासली. एक, शून्य, एक, एक. चारही रकाने कसे स्वच्छ. आता उजवीकडचे चार बघायचे तर त्याला उठवायला हवं होतं, कुशीवरून वळवायला हवं होतं. ती क्षणभर प्रोब हातात धरून उभी राहिली. मग तिनं उजवीकडच्या चार रकान्यांत तेच आकडे लिहिले. एक, शून्य, एक, एक. तेव्हा तिला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं, झोपलेल्याला जपल्याचं. त्या मायेत आळस किती होता हे काल तिनं पाहिलं नव्हतं, आत्ता बुटाच्या लेसपाशी ते लख्ख दिसलं. पाणी खालच्या बाजूला उतरतं. उजव्या कुशीवर झोपलेल्या माणसाची वरची बाजू बघून खालचीचा अंदाज बांधणं ही चूक नवशिक्या मुलीनं केली असती तर तिनं तिला चार दिवस फैलावर घेतलं असतं.

कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. मशीनमध्ये काल साठवलेल्या चित्रांच्या जागी आठाऐवजी चारच असतील, पण ती चित्रं उघडून बघणारी या इमारतीत ती एकटीच होती. हीच तर सगळी गंमत होती. हे मशीन वॉर्डात यावं म्हणून ती वर्षभर भांडली होती. मोठ्या डॉक्टरांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांचे कान नावाजलेले. तीस वर्षं स्टेथोस्कोप लावून ते छातीतलं ओळखत आले होते, आणि पडदा बघून निदान करणाऱ्यांची ते यथेच्छ टिंगल करायचे. ती त्यांच्या खोलीबाहेर कागद घेऊन उभी राहायची, ते हात झटकायचे, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी. "साहेब, कानाला ऐकू येईपर्यंत खूप उशीर झालेला असतो," हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं की शेवटी ते स्वतःच ते वाक्य तिच्या आधी म्हणून दाखवत. मग एकदा त्यांनी साफ म्हटलेल्या छातीत तिनं तीस रेघा दाखवल्या, आणि दोन दिवसांनी त्या बाईचा दम वाढला, तेव्हापासून ते निवळले. आता फेरीवर आले की आधी कागद मागत. "तुमच्या रेघा काय म्हणतात?" असं विचारत, आणि ती जे सांगेल ते मानत. माणसाला आपलं म्हणणं पटलं याचा आनंद मोठा असतो. त्यानं आपलं म्हणणं तपासणं सोडून दिलं आहे, हे मात्र त्या आनंदात ध्यानात येत नाही.

ती वळली आणि मशीन आणायला तिच्या खोलीकडे चालू लागली. लांब कॉरिडॉर, हिरवट फरशी, दर दहा पावलांवर एक दिवा. चालताना तिला आई आठवली, किंवा आई नव्हे, उशा आठवल्या. शेवटच्या वर्षी आई तीन उशांवर झोपायची. घरात त्याचा विनोद झाला होता, आईला राणीसारखं उंच झोपायची हौस आहे म्हणून. छाती तपासून साफ आहे असं सांगितलं गेलं होतं, त्यामुळे काळजी करायचं कारण नव्हतं. तेव्हा ती चोवीस वर्षांची, नुकती कामाला लागलेली. मावशी मुक्कामाला आली आणि घरात उशी कमी पडली. तिनं आईच्या ढिगातली वरची उशी ओढून घेतली, मावशीला दिली. "तुला दोन पुरतील गं," असं म्हणाली. आईनं उरलेल्या दोन उशा सारख्या केल्या. सकाळी उठून ती बाहेर आली तर आई खुर्चीत बसलेली, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, पायाला शाल गुंडाळलेली. "झोप नाही लागली, बाकी काही नाही," आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली. पुढच्या महिन्यात आई गेली. त्या उशीमुळे गेली असं नाही, हे तिला डॉक्टरांपेक्षा चांगलं कळत होतं. पण ती उशी काहीतरी सांगत होती आणि ते ऐकायला घरात कुणी नव्हतं, आणि जी ऐकू शकली असती तिनंच ती ओढून नेली. पुढे तेवीस वर्षांनी पडद्यावर पहिल्यांदा त्या उभ्या रेघा पाहिल्या तेव्हा तिला भीती वाटण्याऐवजी राग आला होता. हे दिसत होतं तर. हे बघता येत होतं. त्या रागावरच ती वर्षभर मोठ्या डॉक्टरांच्या दाराबाहेर उभी राहिली होती.

मशीन घेऊन ती परत आली तेव्हा मुलगी पिशवीची चेन लावत होती. वॉर्डातली तरुण सिस्टर, जिच्या जिभेला धार होती आणि कामालाही, फाइल बंद करत होती.

"काका, शर्ट काढा. पुन्हा एकदा बघायचंय."

"ताई, त्यांचा डिस्चार्ज झालाय," सिस्टर म्हणाली. "सही पण झालीये."

"माहितीये."

"खाली गाडी उभी आहे हो," मुलगी म्हणाली. "किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटं. काका, आडवे व्हा. पाठीवर."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. तो भिंतींची ओल काढणारा कारागीर. आयुष्यभर लोकांच्या घरांत शिरून, बोटाच्या पेरांनी भिंती वाजवून पाणी कुठून मुरतंय ते शोधलेलं. नऊ दिवसांत त्यानं वॉर्डाच्या छतावरचे तीन डाग तिला दाखवले होते आणि तिन्हींची कारणं सांगितली होती. सगळे त्याला ओलवाले काका म्हणत. त्यानं मुकाट्यानं शर्टाची बटणं सोडली. बुटांसकट आडवा झाला, कारण बूट काढायचे तर पुन्हा वाकावं लागलं असतं. तेही तिनं पाहिलं.

डावीकडे एक, एक, एक, एक. पडद्यावर आडव्या फळ्या शांत होत्या. तिनं प्रोब पुसला, पुन्हा जेल घेतलं, खाटेला वळसा घालून उजवीकडे आली. वरच्या भागात तीन. तिथंच तिला कळलं, पण कळणं आणि मोजणं या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून ती मोजत राहिली. पाच. मग बाजूला, काखेखाली, सहा. आणि सर्वांत खालच्या भागात रेघा अशा दाटीनं उतरत होत्या की एकमेकींना चिकटून पांढरा पट्टाच झाला होता. तिनं चित्र थांबवलं, पुन्हा चालवलं, पुन्हा मोजलं. आठ. उजवीकडचे बावीस, सगळे मिळून सव्वीस. तिनं पडदा पुसावा तसा हात एकदा काचेवरून फिरवला, जणू रेघा काचेवर असतील.

"काय झालं?" मुलीनं विचारलं.

"अजून पाणी आहे."

सिस्टर वाकून पडद्याकडे पाहत होती. काल सहा आणि आज हे, एवढं गणित तिला तोंडपाठ होतं, आणि तिनं ते तिच्या पद्धतीनं सोडवलं. "काका, चोरून पाणी प्यालात ना? किती सांगितलं होतं. मोजून दिलं होतं तुम्हाला."

म्हातारा ओशाळला. "पाणी नाही," तो म्हणाला. "बर्फाचा एक तुकडा चघळला. शेजारच्यांनी दिला."

"एकच?"

"दोन असतील."

"बाबा," मुलगी म्हणाली, आणि तिच्या आवाजात नऊ दिवसांचा शीण एकदम उतरला. "तुम्हाला घरी यायचंय की नाही?"

आणि इथं रेघाताईसमोर एक दार आपोआप उघडलं. तिला काही बोलायचीही गरज नव्हती. कागदावर आजचे आकडे लिहायचे, सव्वीस, आणि गप्प राहायचं. पाणी वाढलं. म्हाताऱ्यानं बर्फ खाल्ला. सिस्टर ओरडली, मुलगी रागावली, म्हाताऱ्यानं कबूलही केलं. डिस्चार्ज रद्द होईल, औषध पुन्हा सुरू होईल, रोगी वाचेल, मशीनचं नाव राहील, तिचंही राहील. उलट मोठे डॉक्टर तिची पाठ थोपटतील, निघता निघता पुन्हा तपासलं म्हणून. कुणाचं काहीच वाईट होणार नव्हतं. एका म्हाताऱ्याला वाटत राहील की बर्फाच्या दोन तुकड्यांनी आपण छातीत पाणी भरून घेतलं, एवढंच. तो घरी जाऊनही पाण्याच्या पेल्याकडे चोरासारखा पाहील. तो मान खाली घालून शर्टाच्या बटणाशी चाळा करत होता, आणि त्याच्या गप्प बसण्यात तिला खुर्चीतली आई दिसली, पाठ ताठ, झोप नाही लागली म्हणणारी. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याच्या डोक्याखालची उशी ओढून घ्यायची, हे एकदा झालं होतं. दुसऱ्यांदा नाही.

"बर्फाचा काही संबंध नाही," ती म्हणाली. "काल मी यांची एकच बाजू बघितली. उजवी बघितलीच नाही. तिकडचे आकडे मी नुसते लिहिले."

सिस्टरनं मान वर केली. ढकलगाडीचं चाक कुठंतरी कुरकुरत गेलं.

"नुसते लिहिले म्हणजे?" मुलगी म्हणाली.

"डावीकडचे होते तेच. तुमचे बाबा झोपले होते. त्यांना उठवायचं मी टाळलं."

"आम्ही काल घरी फोन करून सांगितलं," मुलगी हळूहळू म्हणाली. "आई पाच वाजल्यापासून उठून बसलीये आज. खाट खालच्या खोलीत आणवून घेतली. आणि तुम्ही सांगता, नुसते लिहिले." तिनं पिशवी जमिनीवर ठेवली. "घरी गेल्यावर दम लागला असता तर?"

"तर लगेच परत आणावं लागलं असतं. कदाचित वेळेत, कदाचित नाही. चूक माझी आहे."

याहून जास्त सांगण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं, आणि कमी सांगणं तिला नको होतं. मुलगी तोंड फिरवून खिडकीकडे गेली. तिथं तीच भिंत होती.

ओलवाले काका मात्र कोपरावर उठून बसू लागले. बर्फाचा ठपका गेल्यानं त्यांच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आली होती. "कपाट असतं भिंतीला लागून," ते म्हणाले. "जड. भरलेलं. मालक म्हणतो, कशाला हलवता, या बाजूनं वाजवून बघा की. आपल्यालाही कंटाळा आलेला असतो. मी एकदा तसंच सांगितलं, भिंत कोरडी आहे म्हणून. सहा महिन्यांनी कपाटाच्या मागून अख्खं प्लास्टर खाली आलं." ते थांबले, श्वास घेतला. "मालकाला मी सांगितलं होतं, वरच्या मजल्यावरचा नळ फुटला असेल. तुम्ही आपलं खरं सांगितलंत."

"काका, घरी किती उशा लागतात तुम्हाला?"

"दोन."

"तीन," मुलगी खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "आईची पण घेतात. ती हाताचीच उशी करून झोपते."

रेघाताईनं कालचा कागद फाइलमधून काढला. उजवीकडच्या चार रकान्यांवर एक तिरकी रेघ मारली, खाली लिहिलं, ही बाजू तपासली नव्हती, आणि पूर्ण नावानं सही केली, जे नाव तिनं बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं. दुसऱ्या कागदावर आजचे आठ आकडे लिहिले. रकाने संपल्यावर उरलेल्या जागेत लिहिलं: उशा तीन. मग दोन्ही कागद घेऊन ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीकडे निघाली. या दाराबाहेर ती पूर्वी विश्वास मागायला उभी राहायची. आज तो परत करायला आली होती, आणि नवल म्हणजे तिचे पाय तेव्हापेक्षा आज जास्त खंबीर पडत होते.

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "काल सहा, आज सव्वीस. अठरा तासांत?"

"नाही साहेब. काल सहा नव्हतेच. तीन होते, अर्ध्या छातीचे. उरलेले मी भरले."

"का?"

"झोपले होते."

"मग?"

"मग काही नाही. उठवायला हवं होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो काढल्यावर ते एकदम वयस्कर दिसत. "मी काल ऐकलं होतं," ते म्हणाले. "उजवीकडे, अगदी खाली. बारीक. केस बोटांत चोळल्यासारखं. मग तुमचा कागद पाहिला. म्हटलं, कानांचं वय झालं आता. आणि छाती साफ असं लिहून टाकलं."

हे तिला अपेक्षित नव्हतं. ओरडा अपेक्षित होता, कागद भिरकावणं अपेक्षित होतं, त्याची तिनं तयारी केली होती. हे थेट आत गेलं. या माणसाच्या तीस वर्षांच्या कानांना तिच्या एका दुपारच्या कंटाळ्यानं खोटं पाडलं होतं, आणि त्यांनी ते निमूटपणे मानलं होतं.

"मग कागद माझ्या हातात परत द्यायचा होता, साहेब," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण दबलाही नाही. "म्हणायचं होतं, मला ऐकू येतंय, पुन्हा बघा. यापुढे म्हणा."

"यापुढे," ते म्हणाले. "यापुढे मशीन कपाटात ठेवलं तर?"

"मशीनची चूक नाही. त्याला ती बाजू दाखवलीच नव्हती. ठेवायचं तर मला ठेवा कपाटात, पण ते वॉर्डात राहू द्या. दुसऱ्या कुणाला तरी शिकवते."

डॉक्टरांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, हसू म्हणता येणार नाही असं. "तुमच्या मापाचं कपाट नाही इथं," ते म्हणाले, आणि चष्मा लावून गंभीर झाले. "आजपासून तुमच्या प्रत्येक आकड्याखाली दुसरी सही लागेल. समोर उभं राहून मोजलेल्या माणसाची. मी सांगेपर्यंत. त्या तरुण सिस्टरला शिकवा."

सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर सव्वीस वर्षांच्या पोरीची सही. हे लागलं, चांगलंच लागलं, आणि ती "बरं" म्हणाली. डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावर काट मारली, इंजेक्शनचा डोस लिहिला, वाढवून, आणि स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून तिच्या आधी खोलीबाहेर पडले, ओलवाल्या काकांची उजवी बाजू पुन्हा ऐकायला.

पुढचे पाच दिवस सोपे गेले नाहीत. मुलगी तिच्याशी बोलत नव्हती. विचारलेल्याचं उत्तर देई, तेवढंच. वॉर्डातले रोगीही कावले होते, कारण ती आता झोपलेल्यांना उठवत होती, कुशीवरून वळवत होती, बसलेल्याला आडवं करत होती. "ताई, जरा डोळा लागला होता," असं कुणी म्हणालं की ती म्हणे, "लागू दे. पाच मिनिटांनी परत लावा." तरुण सिस्टर खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून तोंडानं पुटपुटत मोजायची, आणि एकदा तिनं पाच म्हटलं तिथं रेघाताईनं चार मोजले होते. पुन्हा बघितलं तर पाच होत्या. रेघाताईनं चार खोडून पाच लिहिले आणि कागद सहीसाठी पुढे केला. सिस्टरनं सही केली, काही न बोलता, आणि तिच्या जिभेच्या मानानं हे फार होतं. सव्वीसाचे एकोणीस झाले, मग बारा, मग सात. एक दिवस सातावरच अडले. त्या दिवशी ओलवाले काका खूप उदास होते आणि छतावरच्या डागांकडेही पाहत नव्हते.

सहाव्या दिवशी सकाळी चार. डावीकडे एक, उजवीकडे तीन. खाली दोन सह्या. उशांच्या जागी तिनं लिहिलं, एक, आणि शेजारी वजन लिहिलं, आणि वॉर्डाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आज तिला तिथं काम नव्हतं. म्हाताऱ्यानं निळा शर्ट घातला, केस पाणी लावून बसवले, खाटेच्या कडेवर बसून बूट ओढले. डाव्यासाठी वाकला, गाठ मारली. तसाच वाकलेला उजव्याकडे सरकला, तीही मारली, घट्ट, दुहेरी. खिडकीकडे पाहिलं नाही. मग मान वळवली तेव्हा त्याला ती दारात दिसली. ती मनात मोजत होती हे त्याला कळलं असावं. तो तिच्याकडे पाहत पुन्हा वाकला, उजव्या बुटाची लेस सोडली, आणि सावकाश, एकेक वेढा दाखवत, पुन्हा बांधली.